चिकट रेनकोट: कितीही पुसला तरी पुन्हा चिकटतो, तेव्हा काय करायचं

घडी उलगडताना चर्रर्र असा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो. गडद निळ्या, आरशासारख्या चकचकीत पीव्हीसीचा एक लांब रेनकोट मी जिवापाड जपलाय. पावसात घालायला तो आहेच. पण त्याचा गार स्पर्श, चालताना होणारी सळसळ, खिडकीतला उजेड त्यावरून घसरतो ते बघणं, हे सगळं मला मनापासून आवडतं. ज्यांना ही आवड आहे त्यांना वेगळं समजवायला नको. तर एकदा कपाटातून कोट काढला आणि बाही पाठीला चिकटलेली. हळूच सोडवली, सुटली. पण चिकटलेल्या जागेची चकाकी गेली होती आणि बोटांना ओशट थर लागत होता. साबणाच्या पाण्याने पुसला, वाळवला, अगदी नवा झाला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

असं चार वेळा झालं. दर वेळी मी आधीपेक्षा जालीम उपाय केला. आधी साबण, मग जास्त साबण, मग स्पिरिट, मग भरपूर टाल्कम पावडर. स्पिरिटने पुसल्यावर कोट असा लखलखला की वाटलं, सापडलं औषध. महिनाभराने त्याच जागी, उजव्या बाहीच्या कोपराशी, कापड ताठ झालं. दुमडलं की पांढरी रेघ उमटायची. चिकटपणा घालवताना मी कोटाचा मऊपणाच घालवत होते, हे तेव्हा कळलं. तुमचाही कोट पुसून पुसून पुन्हा चिकटत असेल, तर हातातलं फडकं आधी खाली ठेवा.

चिकटपणा येतो कुठून

पीव्हीसी मुळात कडक असतं. सांडपाण्याचे पाइप त्याचेच असतात. ते मऊ करायचं तर त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळावं लागतं, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. 1926 साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाला ही युक्ती सापडली आणि पीव्हीसी पडद्यांना, कोटांना उपयोगी पडू लागलं. मऊ रेनकोटाच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा हे द्रव्यच असतं. म्हणजे 900 ग्रॅमचा कोट हातात धरला तर त्यातले सुमारे 300 ग्रॅम तेलकट द्रव आहे.

खरी गोम पुढे आहे. हा द्रव प्लास्टिकशी रासायनिकरीत्या बांधलेला नसतो. लांबलचक साखळ्यांच्या मधल्या फटींत तो नुसता जाऊन बसलेला असतो. ऊब मिळाली, घडीचा दाब पडला, किंवा शेजारी त्याला शोषून घेणारी वस्तू आली की तो पृष्ठभागाकडे सरकतो. वर आलेला द्रव हवेत उडून जातो, पण फार सावकाश. आतून येण्याचा वेग उडण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की थर साचतो आणि आपल्या बोटांना चिकट लागतं.

आता पुसण्याचं बघा. वरचा थर पुसला की आतलं आणि बाहेरचं प्रमाण बिघडतं आणि ती जागा भरायला आतून आणखी द्रव वर येतो. प्रत्येक पुसण्यागणिक कोटातला थोडा मऊपणा फडक्यावर जातो आणि तो परत येत नाही. स्पिरिट, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन ही द्रावणं वरचा थर नेतातच, शिवाय आतलाही द्रव ओढून काढतात. सॅनिटायझरही त्यातच आलं, कारण त्यात मुख्यतः अल्कोहोलच असतं. ड्रायक्लीनिंगला दिलेला पीव्हीसीचा कोट पुठ्ठ्यासारखा ताठ होऊन परत येतो तो याच कारणाने.

म्हणून माझं ठाम मत आहे की हा त्रास पुसण्याने सुटत नाही. कोट कुठे, कशाला लागून आणि किती उबेत ठेवलाय ते बदलल्यावर सुटतो.

आधी ओळखा, तुमचा कोट कशाचा आहे

चिकट झालेला प्रत्येक रेनकोट पीव्हीसीचा नसतो, आणि एका कोटाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. लेबल शाबूत असेल तर उत्तम. नसेल तर आतल्या शिवणीजवळचा जादा तुकडा, नखाएवढाही पुरतो, कापून पाण्याच्या ग्लासात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला आणि तुकडा बोटाने बुडवून त्यावरचे हवेचे बुडबुडे घालवा, नाहीतर फसगत होते. पीव्हीसी पाण्यापेक्षा जड, ते तळाशी जातं. ईव्हीए (रेनकोटांचं दुसरं एक मऊ प्लास्टिक) किंवा पॉलिथिन हलकं, ते वर तरंगतं. कापडावर थर चढवलेला कोट असेल तर ही परीक्षा चालत नाही. तापलेली तांब्याची तार लावून हिरवी ज्योत बघायची एक जुनी पद्धत आहे. ती घरात करू नका, जळणाऱ्या पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

ईव्हीए निघालं तर निश्चिंत व्हा. त्याला मऊ राहायला वेगळं तेल लागत नाही, त्यामुळे आतून काही झिरपतही नाही. तो चिकट असेल तर ते घाम, केसांचं तेल, सनस्क्रीन किंवा नीट न धुतलेला साबण आहे. कोमट पाण्याने दोनदा धुवा, काम झालं. पीव्हीसीच्या कोटाचीही फक्त कॉलर आणि मनगटाची कड चिकट असेल तर आधी हाच संशय घ्या. डास पळवायच्या मलमांवर मात्र नजर ठेवा. त्यातलं डीईईटी हे रसायन बऱ्याच प्लास्टिकांना विरघळवतं. हाताला ते चोपडून कोट घातला की बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

मळ आहे की आतला द्रव, हे ठरवायला मी एक सोपी परीक्षा करते. चिकट जागेवर साध्या टिश्यू पेपरची दुहेरी घडी ठेवायची, वर एक जाड पुस्तक, आणि रात्रभर राहू द्यायचं. सकाळी कागद उजेडासमोर धरायचा. कागदावर आरपार दिसणारा तेलकट डाग असला आणि जागा धुतल्यावर काही दिवसांनी तसाच डाग पुन्हा आला, तर द्रव आतून येतोय. धुतल्यावर पुन्हा आला नाही तर तो मळ होता. माझ्या निळ्या कोटाच्या पाठीवर डाग आला तो नेमका घडीच्या रेषेवर, पट्टी लावून आखल्यासारखा. बाकीचा कागद कोरडा. दाब कुठे पडत होता ते कोटानेच दाखवलं.

पीव्हीसीचा कोट असेल तर

एकदाच, शेवटचं म्हणून, स्वच्छ करा. पाणी 30 अंशांच्या आत, सौम्य भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, मऊ सुती फडकं. घासायचं नाही, टिपायचं. साध्या पाण्याने साबण पूर्ण काढा, कारण उरलेला साबणही चिकट लागतो आणि मग आपण पुन्हा फसतो. टॉवेलने टिपून सावलीत वाळवा. हेअर ड्रायर नको, इस्त्री तर नकोच.

दोन थर एकमेकांना चिकटलेच असतील तर ओढू नका. कोट थंड जागेतून आणला असेल तर खोलीच्या तापमानाला काही तास राहू द्या. गार पीव्हीसी कडक असतं आणि वाकवताना तडकू शकतं. मग कडेपासून बोट सरकवत थोडं उघडा, उघडलेल्या भागात बेकिंगचा सिलिकॉन चढवलेला कागद सरकवा, पुन्हा थोडं उघडा. ओढ शिवणीच्या दिशेने पडू देऊ नका. पीव्हीसीला सुईने पडलेली भोकं बुजत नाहीत आणि शिवणीची रांग टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटते. ब्रिटिश फॅशन डिझायनर मेरी क्वांट यांनी 1963 मध्ये पीव्हीसीच्या कपड्यांचा संग्रह आणला, तेव्हा त्यांनाही या शिवणींनीच छळलं होतं. पुढे असे कोट उच्च वारंवारतेच्या विद्युत लहरींनी जोडले जाऊ लागले. त्यात सुई लागत नाही. तुमच्या कोटाच्या जोडावर दोऱ्याऐवजी चपटी दाबलेली पट्टी दिसत असेल तर तो असा जोडलेला आहे, आणि ओढताना तो शिवलेल्या कोटापेक्षा जास्त सोसतो.

आता ठेवण्याचं. इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली होती. मी कोटाची घट्ट घडी घालून पॉलिथिनच्या पिशवीत ठेवत होते, आणि पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर, जिथे खोलीतली सगळी ऊब जमते. पॉलिथिन आपल्याला अभेद्य वाटतं, पण प्लास्टिसायझर ते शोषून घेतं. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या यव्होन शाशुआ यांनी संग्रहालयांतल्या मऊ पीव्हीसीचा अभ्यास केला. त्यांना आढळलं की बंद काचेच्या भांड्यात पीव्हीसी सगळ्यात सावकाश खराब होतं आणि पॉलिथिनच्या पिशवीत ऱ्हासाचा वेग वाढतो. काच द्रव शोषत नाही आणि आतली हवा कोंडलेली असल्यामुळे द्रव उडून जायला वाव राहत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी त्या पिशव्या कचऱ्यात टाकल्या.

अख्खा कोट मावेल अशी बरणी कुणाकडे नसते. मी काय केलं ते सांगते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा मोठा डबा घेतला. कोट आडवा पसरून त्यावर पॉलिएस्टरची पातळ पारदर्शक फिल्म घातली (ती नसेल तर सिलिकॉनचा कागद चालतो), म्हणजे चकचकीत बाजू कुठेच स्वतःला टेकत नाही. मग घडी न घालता सैल गुंडाळी केली, आत पोकळ राहील अशी, आणि डबा कपाटाच्या तळाशी, थंड कोपऱ्यात ठेवला. वर काही रचायचं नाही. तिथे कधीही ऊन येत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण ऊन आणि उष्णता पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटायला लावतात आणि पारदर्शक कोट आधी पिवळट, मग तपकिरी होतो.

जो कोट वरचेवर घालता तो डब्यात कोंडण्यात अर्थ नाही, तो टांगा. हँगर रुंद खांद्यांचा हवा. फोम गुंडाळलेला, रबराचा किंवा मऊ प्लास्टिकचा नको. वॉर्निश केलेल्या लाकडी हँगरचं वॉर्निश या द्रवाने मऊ पडतं आणि मग हँगरच खांद्याला चिकटतो. शेजारी दुसरा प्लास्टिकचा कोट टेकू देऊ नका. लाल आणि पांढरा कोट एकमेकांना लागून राहिले तर लाल रंग द्रवाबरोबर पांढऱ्यात उतरतो, आणि तो निघत नाही. छापील नक्षीचंही तसंच.

टाल्कम पावडरीबद्दल दोन मतं आहेत. माझं मत असं की ती औषध नाही, आडोसा आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकू न देण्यापुरतं तिचं काम. आतल्या, निस्तेज बाजूला मऊ ब्रशने अगदी हलका हात मारायला हरकत नाही, पण ती नाकात जाऊ देऊ नका. चकचकीत बाजूला लावली तर द्रवात कालवली जाऊन तिची लुकण होते. तिच्या जागी मक्याचं पीठ मात्र वापरू नका, त्यावर बुरशी धरते.

हे सगळं केल्यावर चिकटपणा एका रात्रीत जात नाही. माझ्या कोटाला दोन महिने लागले. मी दर आठवड्याला टिश्यूची परीक्षा करून वहीत तारीख आणि डाग किती मोठा ते लिहीत होते. डाग लहान होत गेला, मग नुसती सावली उरली. या काळात हात शिवशिवतात, पुसावंसं वाटतं. पुसू नका.

आतून चिकट, वास येणारा नायलॉनचा कोट

हा वेगळा आजार आहे आणि याबद्दल खरं सांगायला मला जड जातं. बाहेरून नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं कापड आणि आतून पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकचा थर, असे कोट काही वर्षांनी आतून चिकचिकीत होतात. त्यांना आंबूस, ओकारीसारखा वास येतो आणि शिवणीवरची सीलबंद पट्टी सुटून लोंबू लागते. इथे बाहेर यायला काही तेल नाही, थरच तुटतोय. हवेतली वाफ पॉलियुरेथेनच्या साखळ्या तोडते. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनला हे लवकर होतं, पॉलिइथर जातीचं जास्त टिकतं. धुऊन, पावडर लावून, उन्हात घालून तो थर परत जुळत नाही.

संग्रह करणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. असा कोट न घालता, मूळ वेष्टनात, कोरा जपून ठेवला तरी मरतो. घडीत अडकलेली दमट हवा तेवढं काम करते. त्यामुळे जुना पण न वापरलेला कोट विकत घेताना बाहेरच्या फोटोंवर भुलू नका. आतल्या बाजूचा आणि पट्ट्यांचा जवळून काढलेला फोटो मागा आणि वास येतो का ते स्पष्ट विचारा. आपल्याकडचे चांगले असतील तर ओले ठेवू नका, हवा खेळेल असे टांगा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी बदला.

रबराचा कोट

रबर चढवलेल्या सुती कोटांचे चाहते जुने आणि निष्ठावान. चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी 1823 मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालायची रीत पेटंट केली. ते पहिले कोट उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ताठ व्हायचे, म्हणजे आपलं दुखणं दोनशे वर्षांचं आहे. गंधकाबरोबर रबर तापवून पक्कं करायची पद्धत आली, तिचं ब्रिटिश पेटंट थॉमस हॅनकॉक यांनी 1843 मध्ये दाखल केलं, तेव्हा त्यावर बराच उतारा पडला.

तरीही रबर हवेतल्या ऑक्सिजनने सावकाश सडतं आणि तेव्हा पुन्हा चिकट होतं. तांबं हा वेग वाढवतं. म्हणून पितळी टिचबटणांच्या भोवतीच चिकट वर्तुळ दिसलं तर दोष बटणाचा आहे. बटण आणि त्यासमोरचा थर यांच्यामध्ये पॉलिएस्टर फिल्मचा गोल तुकडा ठेवा. रबराला कुठलंही तेल, क्रीम, व्हॅसलीन लावू नका, ते फुगतं आणि कमजोर होतं. अंधार, गारवा आणि हलकी टाल्कम पावडर हेच त्याचं पथ्य.

घालणाऱ्यांसाठी

प्लास्टिकचा कोट घामाची वाफ बाहेर जाऊ देत नाही. आतून ओला झालेला कोट तसाच टांगला की दुसऱ्या दिवशी चिकट लागतो आणि आपण उगीच प्लास्टिकला दोष देतो. प्रत्येक वापरानंतर उलटा करून ओल्या फडक्याने आतून टिपा, वाळू द्या, मग सुलटा करा. आत पूर्ण बाह्यांचा पातळ सुती कपडा घातलात तर कोटही जपला जातो आणि त्वचाही. आपल्यातले काही जण आवड म्हणून घरात तासन्‌तास कोट घालून बसतात, मीही बसते. तेव्हा घाम सुकत नाही म्हणून अंग तापतं, हे विसरू नका. जवळ पाणी ठेवा, डोकं जड झालं की लगेच कोट काढा, कोट घालून झोपू नका आणि प्लास्टिक कधीही तोंडावर घेऊ नका.

जुन्या पीव्हीसी कोटांबद्दल आणखी एक. पूर्वी प्लास्टिसायझर म्हणून सर्रास वापरलेल्या थॅलेटांपैकी डीईएचपीसह चार थॅलेटांवर युरोपीय संघाने 7 जुलै 2020 पासून निर्बंध घातले. त्वचेला बराच वेळ लागणाऱ्या किंवा घरात वापरायच्या वस्तूंच्या प्लास्टिकमध्ये त्यांचं एकत्रित प्रमाण वजनाच्या 0.1 टक्क्याच्या खाली हवं. जुने कोट त्याआधीचे आहेत. म्हणून चिकट कोट हाताळल्यावर हात धुवा, तो उघड्या अंगावर घालू नका आणि लहान मुलांना खेळायला देऊ नका.

गुलाबी डाग पडले असतील तर तो रंग नाही. पीव्हीसीवर वाढणाऱ्या काही सूक्ष्म जिवांचं ते रंगद्रव्य असतं. ते प्लास्टिसायझरमध्ये विरघळून आत उतरतं, म्हणून कितीही घासलं तरी निघत नाही. कोट कोरडा ठेवला तर डाग वाढायचे थांबतात, एवढंच हातात आहे.

कडक झालेल्या जागेला पुन्हा तेल पाजता येतं का, हे मी स्वतः करून पाहिलं. सिलिकॉन स्प्रेने चकाकी येते आणि पृष्ठभाग निसटता होतो, पण आतला मऊपणा परत येत नाही. माझ्या कोटाचं उजवं कोपर आजही ताठ आहे. गुंडाळी करताना त्या जागी मी फिल्मची दुहेरी पट्टी घालते आणि तिथे वळण पडू देत नाही. घालते तेव्हा तो हात जरा कमी वाकवते. बाकी कोट अजून पूर्वीसारखाच सळसळतो, आणि टिश्यूचा शेवटचा कागद उजेडासमोर धरला तेव्हा कोरा होता.